गवयावर प्रेमकथा काढताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेकडची मुलं पदरचे पैसे घालून सिनेमा करायला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. बऱ्याच जणांच्या गोष्टीत एक भरकटलेला गवई असतो आणि त्याच्यावर जीव लावणारी मुलगी असते. मी सेटवर आवाजाचं काम करतो. चुका त्याच त्याच होताना बघवत नाहीत, म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक म्हणजे गाणं पक्कं नसताना शूटिंगला उभं राहणं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका वाड्यात आम्ही पहाटेचा प्रसंग करत होतो. नायक तंबोरा घेऊन गातो, माडीवरून मुलगी ऐकते आणि तिथेच ती त्याच्यात गुंतते. अख्खी प्रेमकथा या प्रसंगावर उभी होती. गाणं मात्र तयार नव्हतं. संगीतकारानं फोनवर गुणगुणून पाठवलेल्या चालीवर नायकानं ओठ हलवले. मी दिग्दर्शकाला थांबायला सांगितलं. उत्तर आलं, "डबिंगला बघू."

पुढे गायक मिळाला, त्याची पट्टी वरची निघाली. लय बदलली, ताना नव्या जागी आल्या. पडद्यावर नायक श्वास घेतोय आणि आवाज तानेच्या मध्यावर, असं जागोजागी झालं. एडिटरनं झाकायला कबुतरं लावली, समई लावली, कृष्णेचं पाणी लावलं. मुलीचा चेहरा राहिला, पण ती कशावर भाळली हेच दिसेना. पुन्हा शूट करावं तर वाड्याची दुरुस्ती सुरू झालेली आणि पैसेही संपलेले.

म्हणून मी आता पट्टी, लय आणि गायक ठरल्याशिवाय तारीखच देत नाही. सेटवर रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावायचं आणि नटानं खरोखर मोठ्यानं गायचं, बेसूर का होईना. गळ्याच्या शिरा, पोटाचा श्वास नुसत्या ओठांनी येत नाहीत. त्यानंतर एक टेक स्पीकर बंद करून, त्याच्याच आवाजात. तो टेक कितीतरी वेळा उपयोगी पडतो.

दुसरी चूक तंबोऱ्याची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सतारमेकर गल्ली इथे हाकेवर आहे, आणि आपला नायक तंबोरा गिटारसारखा खाजवतो! पहिली तार मधल्या बोटानं, उरलेल्या तीन तर्जनीनं, सावकाश, न थांबता. एवढंच शिकायचं असतं. तारेखालचा दोरा नीट बसला नसेल तर जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, बोलत नाही, आणि इथल्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं. मी नटाच्या घरी महिनाभर आधी तंबोरा ठेवायला लावतो. 'दोन दिवसांत जमेल' म्हणणाऱ्याचं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

नायकाच्या हातात बाटली देऊन त्याचं दुःख दाखवू नका. हा लेखनातला आळस आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले; त्यांच्या स्मरणार्थ मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात संगीतसभा होते. तिथे रात्री जाऊन बसा. गळ्याला मफलर गुंडाळून आपल्या पाळीची वाट बघणारा गायक बघा. आवाज बसल्याची धास्ती, शिकवण्यांवर चाललेलं घर, घरच्यांनी नोकरीचा धरलेला हट्ट, यातून माणूस खरा तुटतो. आणि अशा माणसावर प्रेम करणारीला नुसतं रडवू नका. तिला गाण्यातलं कळू द्या, गाताना एखादी सुरांची जागा चुकली तर तिनं तोंडावर सांगू द्या.

हिवाळ्यातला उजेड छान म्हणून सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडतात. तोच उसाचा हंगाम. रस्त्यालगत संवाद चालू असताना गाणी लावलेला ट्रॅक्टर जातो आणि ते गाणं संवादाखालून काढता येत नाही. वर त्याचे हक्क दुसऱ्याचे. जागा ठरवताना मी डोळे मिटून अर्धा तास नुसता बसतो, ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी.

हक्कांचं निघालंच आहे तर, 'जुनं आहे म्हणजे फुकट' हे डोक्यातून काढा. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. बंदिश पारंपरिक असली तरी कुणीतरी गायलेलं तिचं रेकॉर्डिंग पारंपरिक नसतं. आपल्या गायकाकडून गाऊन घ्या आणि त्याच्याशी लेखी करार करा, मित्र असला तरी.

सांगलीच्या आयर्विन पुलावरचा ड्रोन शॉट एकदाच पुरे.

शूटिंगच्या प्रत्येक जागेचा रिकामा आवाज, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा, एक मिनिट तरी रेकॉर्ड करा. जेवणाची सुट्टी जाहीर व्हायच्या आधी करा, कारण एकदा ताटं वाजायला लागली की युनिट शांत बसत नाही.