मॉक टेस्टचे मार्क कमी आले? आधी पेपर परत उघडा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात सेकंड पीयूसीची (म्हणजे बारावीची) पोरं केसीईटीची, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशपरीक्षेची मॉक देतात, मार्क बघतात आणि पेपर गादीखाली सारतात, तसं करू नका. माझ्या भाचीला फिजिक्समध्ये ६० पैकी २८ पडले, रडायलाच लागली. मग आम्ही दोघं लाल पेन घेऊन बसलो. गेलेल्या ३२ पैकी १२ खरंच येत नव्हते, ९ पर्यंत ती पोचलीच नव्हती, आणि ११ येत असून चुकले होते, त्यातले बरेच ‘नॉट’ किंवा ‘इनकरेक्ट’ शब्द नीट न वाचल्यामुळं. दहावीपर्यंत मराठी मीडियमला शिकलेल्या पोरांचं हे फार होतं, तो शब्द दिसला की लगेच गोल करायचा.

६० प्रश्नांना ८० मिनिटं, म्हणजे एकाला ८० सेकंद, अडलं की पुढं जा. केसीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा ठेवू नका. मेडिकलच्या नीटला मात्र बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असतो, तिथं हीच सवय अंगाशी येते, म्हणून दोन्हीचे मार्क शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि हो, इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे पीसीएमचे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मार्कही निम्मे धरतात, बोर्डाचा अभ्यास सोडू नका.