पूर येण्याआधी घराघरातले हात मोजा

ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर माझी अंगणवाडी आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि नदी गावात शिरली. पाणी ओसरल्यावर नुकसानीचा तक्ता आला. घरं, जनावरं, धानाच्या बांध्या, सगळ्यांना वेगळे रकाने होते. माणसांना एकच: 'एकूण बाधित व्यक्ती'. त्या 'एकूण'मध्ये नऊ दिवसांची ओली बाळंतीण होती आणि शाळेच्या ओट्यावर रात्रभर लघवी दाबून बसलेल्या पोरी होत्या. तेव्हापासून दर मे महिन्यात गावाची धोका-पाहणी मी वेगळ्या तऱ्हेनं करते. तुमच्या गावातही करता येईल.

सुरुवात अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षण रजिस्टरपासून करा. जून ते सप्टेंबरमध्ये कोणाची बाळंतपणाची तारीख येते, कोणाचं मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे, ते आधी उतरवून घ्या. आशाताईला सोबत घ्या. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी गावच्या यादीत नसतात, तिला मात्र त्या ठाऊक असतात.

मग हात मोजा. प्रत्येक घरासमोर दोन आकडे लिहायचे. पहिला, उचलून किंवा धरून न्यावी लागणारी माणसं: लहान पोरं, अंथरुणावरची म्हातारी, अपंग. दुसरा, त्या वेळी घरात असलेली, उचलू शकणारी माणसं. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई दुसऱ्या आकड्यात धरू नका. ही मोजणी दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. रोवणीच्या दिवसांत तर बाया पहाटेच बांधीत जातात आणि घरी आजी व पोरंच उरतात.

आमच्याकडे एक पक्कं, स्लॅबचं घर आहे. सरकारी कागदावर धोका कमी. पण नवरा नागपूरला बांधकामावर, घरात एक आणि तीन वर्षांची दोन पोरं, सासूला लकवा. तीन माणसं न्यायची आणि नेणारी एकटी सून. माझ्या यादीत ते घर सगळ्यात वर आहे. शेजारच्या दोन जवान पोरांची नावं त्याच घरासमोर लिहिली आहेत, त्यांना विचारून.

याच फेरीत विचारा: रात्री फोन कोणाजवळ असतो? इशारा व्हॉट्सॲपवर येतो, फोन पुरुषाच्या खिशात, आणि पुरुष गावाबाहेर. अशा घरांची यादी कोतवालाला द्या, दवंडी त्यांच्या दारापर्यंत गेली पाहिजे.

बायांना चावडीवर बोलावून विचारू नका. सासऱ्यासमोर, सरपंचासमोर कोणी संडासाचं बोलणार नाही. मी बांधावर, शिदोरी सोडायच्या वेळी जाते. तिथंच कळलं की २०२० मध्ये कितीतरी जणी बाहेर जावं लागू नये म्हणून जेवल्याच नव्हत्या.

पोरांना जमिनीवर चुन्यानं गावाचा नकाशा काढायला लावा आणि त्यांच्या वाटा दाखवायला सांगा. आमच्या पोरांनी नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून शाळेत जायची वाट दाखवली. मोठ्यांपैकी कोणालाच ती माहीत नव्हती, आणि पाणी चढतं तेव्हा पहिल्यांदा बुडतो तोच बंधारा.

निवाऱ्याची जागा पावसाळ्याआधी बायांसोबत, लेकरं घेऊन, चालत जाऊन बघा. किती वेळ लागला ते लिहा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा आहे. म्हणजे २० बाय २४ फुटांच्या वर्गखोलीत १२ माणसं. आमच्या एकेका खोलीत चाळीस होती. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत २० माणसांमागे एक संडास आणि बायांचे संडास पुरुषांच्या तिप्पट, असं सांगितलं आहे. तेवढे नसले तरी कडी आतून लागते का, रात्री वाटेवर उजेड असतो का, किल्ली कोणाकडे, हे तपासा. कडी बसवायला निधी लागत नाही. मासिक पाळीचं कापड धुऊन वाळवायला आडोसा आणि बाळंतिणीला दूध पाजायला एक कोपरा साडी बांधून राखून ठेवा. मदतीत दूध पावडरचे डबे आणि बाटल्या आल्या तर सरसकट वाटू देऊ नका. पुराच्या पाण्यात बाटली स्वच्छ राहत नाही, लेकराला हगवण लागते. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मात्र आधीच मागवा, झिंक १४ दिवस द्यायचं असतं.

तीन वर्षांच्या पोराला बापाचं नाव 'बाबा' एवढंच सांगता येतं. म्हणून गाव, आईचं नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून पोराच्या सदऱ्याच्या आत टाचायला घरोघरी शिकवा. पोर हरवलं तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन लावा.

गरोदर आणि एकट्या राहणाऱ्या बायांची यादी गावाच्या ग्रुपवर टाकू नका. कोणती बाई रात्री एकटी असते हे साऱ्या गावाला कळणं हाही धोकाच आहे. ग्रामसभेत फक्त आकडे वाचा. नावांची एक प्रत अंगणवाडीच्या पेटीत, एक पोलीस पाटलाकडे, एक आशाताईकडे. आणि हातांचे आकडे पेन्सिलनं लिहा, दर महिन्याला ते बदलतात. मागच्या जुलैत मला सात घरं खोडावी लागली.