५९ वर्षं खासदार राहिलेला माणूस दहा मिनिटांत सांगायचा तर

गोव्यात डिचोलीच्या आमच्या वाचनालयात महिन्याला एकदा कोणीतरी एखाद्या माणसावर बोलतं. मी अमेरिकेच्या संसदेत ५९ वर्षं काढलेले जॉन डिंगेल घेतले तेव्हा जन्म १९२६, मृत्यू २०१९, मधल्या निवडणुका, असं वहीतून वाचत सुटले. मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, "बाय, हो मनीस करतालो तरी कितें?" तेव्हापासून पद्धत बदलली.

आधी एक वस्तू धरायची. डिंगेलच्या बाबतीत सभागृहाच्या अध्यक्षांचा लाकडी हातोडा. १९६५ साली म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्यविम्याचं, म्हणजे मेडिकेअरचं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात संमत झालं, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर डिंगेल होते. हातोडा त्यांनी जपून ठेवला आणि २०१० मध्ये आरोग्य सुधारणेच्या मतदानाला सभागृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसींच्या हाती दिला. एवढं झालं की मगच वडिलांकडे वळा. तेही त्याच सभागृहात होते, १९४३ साली राष्ट्रीय आरोग्यविम्याचं विधेयक आणणाऱ्यांपैकी एक. ते १९५५ मध्ये वारले, त्यांच्या जागी २९ वर्षांचा मुलगा आला आणि बापाचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडत राहिला.

५९ हा आकडा नुसता सांगून कोणाला काही वाटत नाही. ते निवडून आले तेव्हा डिचोलीत पोर्तुगीज होते, असं सांगा. आमचे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे आमदार झाले ते १९७२ मध्ये, म्हणजे डिंगेलना तोवर सोळा वर्षं होऊन गेली होती. शिवाय तिथे निवडणूक दर दोन वर्षांनी. तीस वेळा मतं मागितली त्यांनी!

आरती मात्र ओवाळू नका. मतदारसंघ डेट्रॉइटजवळचा, मोटारींच्या कारखान्यांचा. धुराचे कडक नियम त्यांनी वर्षानुवर्षं अडवले. आणि दुर्मीळ प्राण्यांच्या रक्षणाचा १९७३ चा कायदा करण्यात पुढे तेच. दोन्ही सांगायचं, जुळवत बसायचं नाही. २००८ मध्ये स्वतःच्याच पक्षाने १३७ विरुद्ध १२२ मतांनी ऊर्जा समितीचं अध्यक्षपद काढून घेतलं, तिथे घाई नको. आमच्याकडे पाडापाडीच्या गोष्टीला लोक पंखा बंद करून ऐकतात.

वही घरी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर तीनच शब्द असतात: हातोडा, बाप, मोटार.

एक गोष्ट प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सभागृहात बोलले, तेव्हा तिथे कागद-निरोप पोचवणाऱ्या पोरांत पंधरा वर्षांचा डिंगेल होता. दुसऱ्या खेपेला मी हे शेवटी सांगितलं. काका बाकावर पुढे सरकले. "मागीर?"