बेल्ट नवा, आवाज जुना: पिकअपचा टेन्शनर घरी बदलताना

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बोनेटखालून चिमणीसारखी चिवचिव यायची आणि मिनिटभरात थांबायची. मी नवा बेल्ट आणून घातला. तीन आठवडे शांततेत गेले. मग चिवचिव परत आली, या वेळी सोबत खडखडही होती आणि एसी लावला की ती वाढायची. दुसरा बेल्ट घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात एकदा इंजिन चालू ठेवून बाजूला उभा राहिलो आणि टॉर्चच्या उजेडात नुसतं बघत राहिलो. बेल्ट सरळ धावत होता. टेन्शनरचा, म्हणजे बेल्टला ताण देणाऱ्या भागाचा, आर्म मात्र सतत थरथरत होता. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचंय त्यांनी पाना हातात घेण्याआधी हे बघणं शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला एकच लांब, उभ्या खाचांचा बेल्ट असतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही फिरवतो. एसी चालू-बंद होताना, स्टिअरिंग वळवताना, बॅटरी चार्ज होताना या बेल्टवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. तरीही ताण कायम राहावा म्हणून टेन्शनर असतो. त्यात आत गुंडाळलेली मजबूत स्प्रिंग, बाहेर आर्म, आर्मच्या टोकाला पुली आणि आतल्या बाजूला घर्षणाचं एक बुश असतं. आर्मचे धक्के हे बुश शोषून घेतं. ते झिजलं की स्प्रिंग चांगली असूनही आर्म नाचायला लागतो. माझ्या गाडीत तेच झालं होतं. नव्या बेल्टने आवाज काही काळ दाबला, एवढंच.

आवाजाचं कारण शोधायला एक साधी पाण्याची चाचणी आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर लांबून, बाटलीच्या फवाऱ्याने थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. हे करताना बाह्या वर, गळ्यात काही लटकणारं नको, हातमोजे नकोत आणि हात फिरत्या भागांपासून लांब. बेल्टवर तेल, ग्रीस किंवा आवाज घालवणारा स्प्रे मारायचा मोह टाळा. आवाज दबेल, पण बेल्ट घसरत राहील आणि लवकर संपेल.

बेल्टवर भेगा दिसत नाहीत म्हणजे तो चांगला, हा समजही सोडून द्या. जुन्या निओप्रीन बेल्टला भेगा पडायच्या. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताही खाचांमधून झिजतात आणि पुलीत खोल बसायला लागतात. तसं झालं की टेन्शनरला जास्त पुढे यावं लागतं. बऱ्याच टेन्शनरवर आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये खुणा असतात. इंजिन बंद करून बघा, आर्मची खूण मर्यादेबाहेर गेली असेल तर बेल्ट संपलाय किंवा चुकीच्या लांबीचा आहे. लांबी बेल्टवरच छापलेली असते. ६पीके२१०० म्हणजे ६ खाचा आणि २१०० मिलिमीटर लांबी.

एक इशारा ठळकपणे देतो. इथे लिहितोय ते सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल आहे. कव्हरच्या आत असलेला, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर हे वेगळं प्रकरण आहे. तिथे एक दात चुकला तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. ते पहिलं काम म्हणून हाताळू नका. तुमच्या बाहेरच्या टेन्शनरला स्प्रिंगऐवजी दांड्यासारखा हायड्रॉलिक भाग असेल, तर त्याची पद्धतही निराळी असते. मॅन्युअल बघूनच हात लावा.

पिकअपमध्ये इंजिन बहुतेकदा लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं. त्यामुळे पुढून, रेडिएटरच्या बाजूने हात घालायला जागा मिळते. छोट्या गाड्यांमध्ये चाक काढून बाजूने झटावं लागतं, तो त्रास इथे सहसा नसतो. अडथळा येतो तो पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा. माझ्या गाडीत त्याचा वरचा अर्धा भाग काढल्यावर सगळं उघडं झालं. रेडिएटरच्या जाळीवर जाड पुठ्ठा लावून घ्या. पाना निसटला तर त्या पातळ पत्र्या लगेच वाकतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. कारणं दोन. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही सुरू होतो, आणि अल्टरनेटरच्या जाड तारेत कायम करंट असतो. पाना तिला आणि इंजिनाला एकाच वेळी टेकला तर मोठी ठिणगी उडते.

मग बेल्टचा मार्ग. बोनेटखाली त्याच्या आकृतीचं स्टिकर असतं, पण ते फाटलेलं किंवा दुसऱ्या प्रकारच्या इंजिनाचं असू शकतं. मोबाइलवर दोन फोटो काढा आणि तरीही कागदावर हाताने आकृती काढा. कोणत्या पुलीवर खाचांची बाजू आणि कोणत्या पुलीवर सपाट पाठ, हे लिहून ठेवा. फोटोत ते नीट कळत नाही.

आर्मवर ३/८ किंवा १/२ इंची चौकोनी भोक असतं, काहींवर षट्कोनी उंचवटा असतो. त्यात ब्रेकर बार, म्हणजे लांब दांड्याचा पाना, घाला. जागा कमी असेल तर या कामासाठी मिळणारी पातळ, लांब पट्टी वापरा. छोट्या रॅचेटने प्रयत्न करू नका, स्प्रिंग जोरदार असते आणि हात निसटला तर बोटं पुलीखाली सापडतात. बेल्ट सैल होईल त्या दिशेने आर्म सावकाश ढकला, दुसऱ्या हाताने वरच्या, सहज पोचणाऱ्या गुळगुळीत पुलीवरून बेल्ट उतरवा आणि आर्म तितक्याच सावकाश परत येऊ द्या. झटक्याने सोडू नका. काही टेन्शनरमध्ये आर्म फिरवण्यासाठी पुलीचाच बोल्ट वापरावा लागतो. त्याचे आटे कधीकधी उलटे असतात, त्यामुळे तो सोडवायचा असेल तर आधी दिशा तपासा.

बेल्ट उतरला की घाई थांबवा. इतकी मोकळी संधी पुन्हा लवकर मिळत नाही. प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली, पुली डगमगली किंवा सायकलच्या चाकासारखी अगदी सैल फिरत राहिली, तर बेअरिंगमधलं ग्रीस संपत आलंय. आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली, छोटी असते, पण अडकली तर बेल्ट फेकून देते. अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असेल तर तीही तपासा: एका बाजूला फिरवताना ती आतल्या रोटरला ओढते आणि उलट बाजूला मोकळी फिरते. दोन्ही बाजूंना घट्ट असेल तर ती जाम झालीय, आणि अशी पुली नव्या टेन्शनरलाही तसंच नाचवते.

माझ्या गाडीत टेन्शनर मधल्या एकाच बोल्टवर होता. तो निघाला की अख्खा भाग हातात येतो. नवा भाग जुन्याशेजारी ठेवून पाहा: पुलीची रुंदी, आर्मची दिशा, मागची पिन. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत पिन घालून अडकवलेला नवा टेन्शनर मिळाला असेल, तर ती पिन बेल्ट चढेपर्यंत काढू नका.

मागच्या पिनेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझी चूक इथेच झाली. टेन्शनरच्या पाठीवर एक छोटा खुंटा असतो आणि इंजिनावर त्याच्यासाठी भोक. टेन्शनर फिरू नये आणि सरळ बसावा म्हणून तो असतो. मी बोल्ट लावला, आवळला, बेल्ट चढवला. बघतो तर बेल्ट पुलीवर एक खाच बाहेर सरकलेला. सगळं परत उतरवलं. भोकात चिखल आणि ग्रीस घट्ट भरलेलं होतं, त्यामुळे खुंटा आत गेलाच नव्हता आणि टेन्शनर तिरका टेकला होता. तसाच जोर लावला असता तर ॲल्युमिनियमची बॉडी तडकली असती. भोक स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने आणि फडक्याने साफ केलं आणि दुसऱ्यांदा टेन्शनर बसवताना बोल्टला हात लावण्याआधी तो हातानेच दाबून बघितला. सपाट टेकला, हलेना, मगच बोल्ट सुरू केला.

बोल्ट पहिले काही आटे नेहमी बोटांनी फिरवा. इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये आटे मेले तर काम फार वाढतं. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं. हा आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो, दुसऱ्या गाडीचा ऐकून वापरू नका.

बेल्ट चढवताना सगळ्यात शेवटी गुळगुळीत पुली ठेवा, खाचांच्या पुलीवर बेल्ट तिरका सरकवणं अवघड जातं. चढल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. सगळ्या खाचा पुलीच्या खाचांत बसल्या पाहिजेत. क्रँकची पुली खाली असते म्हणून लोक ती सोडून देतात. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या, पण ती बघाच.

बॅटरी जोडण्याआधी बोनेटखाली राहिलेली हत्यारं मोजा. मग इंजिन सुरू करून दोन मिनिटं बाजूला उभे राहा, बेल्टच्या समोर नको. एसी लावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवा, दिवे लावा. आर्म किंचित हलेल, पण थरथरणार नाही. बॅटरीचा दिवा विझलेला असला पाहिजे आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी.

इतकं करूनही नवा आर्म नाचत असेल तर टेन्शनरला दोष देऊ नका. अल्टरनेटरची पुली चांगली निघाली असेल, तर क्रँकची पुली पाहा. अनेक इंजिनांत तिच्या मधल्या भागात आणि बाहेरच्या कड्यात रबराचं वळं असतं. ते सुटलं की बाहेरचं कडं वेडंवाकडं फिरतं आणि ते फिरणं थेट बेल्टमधून टेन्शनरपर्यंत येतं. इंजिन चालू असताना लांबून त्या कड्याच्या कडेवर नजर रोखली की ते डुलताना स्पष्ट दिसतं.