अॅल्युमिनियम ब्राँझच्या वेल्डला बारीक भोकं पडत होती, शेवटी जमलं

गोव्यात बेतीला एका ट्रॉलरच्या पंपाचा झिजलेला अॅल्युमिनियम ब्राँझ इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) टिगने (अर्गॉन वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) भरत होतो, भरायची वायर ईआरसीयूएएल-ए२, म्हणजे अॅल्युमिनियम ब्राँझचीच. वितळलेल्या धातूच्या डबक्यावर राखाडी साय यायची, वायर आत मिसळायचीच नाही आणि घासलं की टाचणीच्या टोकाएवढी भोकं. अर्गॉनचा सिलिंडर बदलला, करंट वाढवला, काही फरक नाही. दोन दिवस अक्षरशः डोकं फिरलं होतं.

मशीन डीसीवर (एकाच दिशेचा करंट) होतं, तिथेच घोळ. ती साय म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साईड, डीसी निगेटिव्हवर (टॉर्च निगेटिव्हला जोडलेला) ती फुटत नाही, एसीवर (दिशा बदलणारा करंट) फुटते.

मग आधी चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंड केलं, खाऱ्या पाण्याचा हिरवा थर खाचेतूनसुद्धा काढला, अॅसिटोनने पुसलं (वायरपण पुसा), नवीन स्टेनलेस ब्रश मारला, मग एसी, शुद्ध अर्गॉन, छोटे छोटे बीड (वेल्डच्या पट्ट्या), प्रत्येक बीडनंतर ब्रश आणि पुढचा बीड १५० अंशांखाली आल्यावरच. डबकं आरशासारखं झालं, घासल्यावर एकही भोक नाही.