एक रुपयाचा फराळ आणि हिडन फील्ड

पहिल्या नोकरीतलं माझं पहिलं काम म्हणजे दिवाळी फराळाचा ऑर्डर फॉर्म. चकली किती किलो, चिवडा किती, हे भरलं की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट एकूण रक्कम काढायची. ती सर्व्हरवरच्या पीएचपी कोडपर्यंत पोचवायची, एवढंच. मी बिनधास्त पीएचपीच्या कोडमध्ये जावास्क्रिप्टचं व्हेरिएबल लिहून मोकळी झाले. चालणार कसं? पीएचपीचं काम सर्व्हरवर उरकतं, तयार एचटीएमएल ब्राउझरकडे येतं, मग कुठे जावास्क्रिप्ट सुरू होतं. दोघांची गाठच पडत नाही. किंमत परत पाठवायची तर ब्राउझरकडून सर्व्हरला नवी रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, जायला हवी; माझ्याकडे त्यासाठी फॉर्म सबमिट व्हायला हवा.

पानावर रक्कम दिसत होती ती स्पॅनमध्ये, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या टॅगमध्ये, आणि स्पॅनमधलं काही फॉर्मबरोबर जात नाही. म्हणून हिडन इनपुट, म्हणजे पानावर न दिसणारं फील्ड, टाकलं, त्याला आयडी दिला, स्क्रिप्टमधून व्हॅल्यू भरली. सर्व्हरवर तरीही शून्य. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर शेजारच्या सीनियर दादाने एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली आणि नेटवर्क टॅबमधला पेलोड, म्हणजे सर्व्हरकडे गेलेला डेटा, दाखवला. चकली २, चिवडा १. टोटलचा पत्ताच नाही. मी नेम लिहिलंच नव्हतं! आयडी स्क्रिप्टला शोधायला, सर्व्हरकडे फील्ड जातं ते नेमच्या नावाने. आता काही अडलं की मी कोडच्या आधी पेलोड उघडते.

फील्ड डिसेबल्ड केलं तरी ते जात नाही. नुसतं बदलू द्यायचं नसेल तर रीडओन्ली. आणि स्क्रिप्टमधून थेट सबमिट फंक्शन बोलावलं तर सबमिट इव्हेंट उडतच नाही, त्यामुळे त्या इव्हेंटवर ठेवलेला हिशेब राहून जातो. अशा वेळी रिक्वेस्टसबमिट हे फंक्शन वापरा.

सगळं चालू झालं तेव्हा मी खुशीत. दादाने त्याच टूल्सच्या एलिमेंट्स टॅबमध्ये जाऊन हिडन फील्डमधले १२४० खोडले, १ लिहिला, सबमिट केलं. तीन किलो फराळ, बिल एक रुपया, ऑर्डर सेव्ह! हिडन म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारं, सुरक्षित वगैरे काही नाही.

मग मी टोटल पाठवणंच बंद केलं. पदार्थाचा कोड आणि किलो तेवढे जातात, दर डेटाबेसमधून घेऊन सर्व्हर स्वतः गुणाकार करतो. पानावरचा आकडा गिऱ्हाइकाच्या माहितीपुरता. दादाला पुन्हा बोलावलं. त्याने इनपुटवरचा मिन, म्हणजे किमान आकड्याची अट, ब्राउझरमध्येच काढून टाकला आणि चिवड्यापुढे उणे २ किलो लिहिलं. बिल चक्क कमी झालं.