माळावरच्या सरड्यांच्या जनुकांतून जुने हवामान कसे वाचावे

सोलापूर परिसरातील सरड्यांच्या जनुकीय विविधतेला जुन्या हवामानाने कसा आकार दिला, हे तपासण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याने संगणकावर आकडेमोड सुरू करण्याआधी माळावर जावे. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, नान्नजकडच्या गवताळ माळावर एखाद्या दगडावर चढून बसलेला नर सरडा गळ्याखालची घडी पंख्यासारखी उघडतो, क्षणात मिटतो आणि पुन्हा उघडतो. अशा पंख्यासारखा गळा उघडणाऱ्या सरड्यांच्या गटातून २०१६ साली ‘सराडा’ ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी करण्यात आली. तिच्या नरांचा गळा निळा, काळा व नारिंगी असतो, आणि तिचे नाव आपल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच ठेवलेले आहे. हा प्राणी उघड्यावर, विरळ गवतात आणि तापलेल्या दगडांवर जगतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विचाराचा पाया आहे.

पहिले काम म्हणजे काळाचे दोन टप्पे वेगळे ठेवणे. जाती एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या बहुधा लक्षावधी वर्षांच्या ओघात. सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी उपखंडात गवताळ प्रदेश पसरले, त्या काळाशी अशा प्रश्नांचा संबंध लागतो. एकाच जातीच्या आतली विविधता मात्र बरीचशी अलीकडच्या चढउतारांनी घडते. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना मोसमी पाऊस दुबळा होता, पुढे होलोसीनच्या, म्हणजे हिमयुगानंतरच्या आजपर्यंतच्या उबदार काळाच्या, सुरुवातीला तो जोर धरू लागला, आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास मध्य भारत पुन्हा कोरडा होत गेल्याचे लोणार सरोवरातील गाळ सांगतो. हे दोन टप्पे एकाच आलेखात मिसळले, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

त्यानंतर जनुकक्रम, म्हणजे डीएनएतील घटकांचा क्रम, पाहण्याआधीच अपेक्षा लिहून ठेवावी, कारण उत्तर दिसल्यावर सुचलेले कारण नेहमीच पटते. पाऊस घटला की जंगल आक्रसते आणि ओलसर खोऱ्यांपुरते उरते. झाडांवर राहणाऱ्या पालींची संख्या तिथे घटून वेगवेगळ्या खोऱ्यांतले गट एकमेकांपासून दुरावतात. उलट माळावरच्या सरड्याला त्याच कोरड्या काळात नवी जागा मिळू शकते. म्हणून हिमयुगात सगळेच प्राणी आक्रसले, हे थंड देशांतले गृहीतक इथे जसेच्या तसे लावू नये.

आता माहिती जमवावी. जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संगणकीय संग्रहातील क्रम कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत स्थळाची नोंद असलेलेच नमुने घ्यावेत. स्वतः सरडे पकडू नयेत, शेपटीचा तुकडाही घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लक्षात घेऊन वनखात्याची लेखी परवानगी आणि अनुभवी मार्गदर्शक मिळाल्यावरच तसा विचार करावा.

क्रम जुळवल्यावर प्रत्येक ठिकाणी जनुकक्रमाचे किती वेगळे प्रकार आढळतात आणि ते एकमेकांपासून किती दूर आहेत, हे मोजावे. जिथे लोकसंख्या दीर्घकाळ टिकून राहिली, तिथे त्या जागेपुरते मर्यादित असे अनेक प्रकार साचतात. जिथे ती नुकतीच पसरली, तिथे एक प्रकार सर्वत्र आढळतो आणि त्याच्याभोवती एखाद्याच बदलाने वेगळे झालेले प्रकार चांदणीच्या किरणांसारखे दिसतात. दुर्मीळ बदल अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, हे सांगणारी ताजिमाची कसोटी ऋण उत्तर देते, म्हणजे ते जास्त असतात, तेव्हाही पसरणेच झाले, असे लगेच मानू नये. नैसर्गिक निवडीमुळेही तसे होते. मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाची, जनुके फक्त आईकडून येतात, त्यामुळे केंद्रकातील जनुकांचा पडताळा घेतल्याशिवाय मी तरी कोणताही निष्कर्ष मान्य करणार नाही.

जुन्या हवामानाचे नकाशे वर्ल्डक्लिम या हवामान-माहितीच्या संकेतस्थळावरून घेता येतात. आजच्या नोंदींवरून त्या जातीला मानवणारे तापमान व पाऊस ठरवून तेच माप २१,००० वर्षांपूर्वीच्या नकाशावर लावावे आणि आलेले क्षेत्र आधी लिहून ठेवलेल्या अपेक्षेशी ताडून पाहावे. या नकाशातला एक चौकोन कित्येकदा ४-५ किलोमीटरचा असतो, तर सरड्याचे जग दोन बांधांमध्ये मावते. त्यामुळे एखाद्या गावापुरते अनुमान काढू नये.

शेवटी भीमा आणि सीना यांच्या दोन्ही काठांवरचे नमुने वेगळे करून तुलना करावी. फरक नदीच्या रेषेवरच पडत असेल आणि पावसाच्या नकाशाशी जुळत नसेल, तर त्याचे श्रेय हवामानाला देता येत नाही.